मानेची चकती आणि सहीचा नमुना

पेन्शन कार्यालयातील सही-पडताळणी कारकुनांच्या मानेतील पाचव्या व सहाव्या मणक्यांमधली चकती एका सोमवारी, कार्यालयीन वेळेत, नेमून दिलेली जागा सोडून बाहेर आली. या हालचालीसाठी तिने कोणाचीही पूर्वपरवानगी घेतली नव्हती. चकतीने शेजारची नस दाबली, नसेने उजवा हात धरला, आणि महिनाभरात कारकुनांना शर्टाची बटणंसुद्धा लावता येईनात.

माणूस कर्तव्यदक्ष. बावीस वर्षं त्यांनी खिडकीतून आत आलेली प्रत्येक सही जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली होती आणि वेलांटी जरा कलली तरी अर्ज परत केला होता. आता त्यांची स्वतःची वेलांटी रकाना ओलांडून शेजारच्या रकान्यात जात होती.

"पंधरा दिवसांत ऑपरेशन करू," सर्जन म्हणाले. "उशीर केलात तर हाताची ताकद परत येईल याची खात्री नाही. गळ्याच्या बाजूने आत जातो, चकती काढतो, तिथे धातूचा छोटा तुकडा बसवतो. दोन तासांचं काम."

ठरलेल्या सकाळी, उपाशीपोटी, मागे नाड्या असलेला हिरवा झगा घालून कारकून स्ट्रेचरवर आडवे झाले. ऑपरेशन थिएटरचं दार चार पावलांवर होतं. तिथे सिस्टरनी संमतिपत्र पुढे केलं. कारकुनांनी दातओठ आवळून सही केली. सिस्टरनी शेजारी ओळखपत्र धरून पाहिलं.

"काका, सही जुळत नाही."

हे वाक्य कारकुनांनी दुसऱ्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ते किती थंड लागतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"सिस्टर, हात चालत नाही म्हणून तर ऑपरेशन आहे."

"ते बरोबर आहे. पण पेशंट तुम्हीच, हे सिद्ध व्हायला नको का? चुकून दुसऱ्याचीच मान कापली गेली तर?"

"माझीच आहे. दुखतेय ना."

"दुखणं पुरावा म्हणून धरत नाहीत."

प्रशासन अधिकाऱ्यांना बोलावण्यात आलं. त्यांनी नियमावली उघडली आणि सहानुभूतीने वाचली. सहीऐवजी अंगठा चालतो, मात्र फक्त निरक्षर पेशंटचा. आणि या पेशंटच्या फॉर्मवर स्पष्ट अक्षरात 'पदवीधर' लिहिलेलं होतं.

"मग निरक्षर लिहा," कारकुनांच्या पत्नी म्हणाल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या.

"तसं जवळच्या नातेवाइकाने लेखी द्यावं लागेल."

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात लिहून दिलं की, माझे पती पूर्णपणे निरक्षर आहेत.

"अगं, पण मी—"

"पडून राहा. यादी हातात देऊन दुकानात पाठवलं तरी दोन वस्तू विसरून येता. मी काही फार खोटं लिहिलेलं नाही."

सिस्टरनी त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. अंगठ्याला काहीच कळलं नाही. स्ट्रेचर हललं तशी कारकुनांनी डाव्या हाताने पत्नीची बोटं धरली.

"घाबरलात?"

"छे."

"मग जरा सैल धरा. बांगडी रुततेय."

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सर्जननी अंगठ्याला टाचणी टोचली आणि कारकून कळवळले. मग त्यांनी, डोळ्यांत पाणी आणून, पुन्हा टोचायला सांगितलं.

सहा आठवड्यांनी, गळ्याला पट्टा लावून, ते कामावर रुजू झाले. साहेब हॉस्पिटलचे कागद चाळत होते.

"इथे तुम्ही निरक्षर आहात."

"साहेब, तुम्ही मला बावीस वर्षं ओळखता."

"मी ओळखतो हो. फाईल ओळखत नाही." साहेबांनी विचार केला, वरिष्ठांना फोन केला, आणि तोडगा काढला. "काळजी करू नका. तुमच्या टेबलावर वाचायचं काही नसतंच. नुसता आकार जुळवायचा. काम चालू ठेवा."

त्याच दिवशी खिडकीवर एक आजी आल्या. हात थरथरत होता, सहीसुद्धा. कारकुनांनी तो हात बराच वेळ पाहिला.

"आजी, तुमचा त्रास मला अगदी आतून कळतो," ते म्हणाले. आवाजात खरोखरीचा ओलावा होता. मग त्यांनी अर्ज परत केला. "सहीचा नमुना बदलून घ्या. त्यासाठी वेगळा अर्ज आहे. त्यावर सही मात्र जुन्या नमुन्याप्रमाणे लागेल."

आजी कागद हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मागे बाराजणांची रांग होती, आणि ती अगदीच गप्प राहिली असं म्हणता येणार नाही. तिसऱ्या नंबरावरून कोणीतरी म्हणालं, "आजी, झालं असेल तर जरा बाजूला होता का?"

तिसऱ्या नंबरावर कोण होतं, हे विचारू नका. आपल्याला उशीर होत होता.