जावई पाटावरून उठेना

परभणीत सायटिकाला चीत करणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल आदिनाथच्या मनात तिळमात्र शंका नव्हती!

आता हे खरं, की उन्हाळ्याच्या तोंडाशी हाच बहाद्दर पलंगावर आडवा पडून छताचा पंखा बघत असायचा. कमरेतून कळ निघायची ती मांडीतून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत. कॉलेजात हेडक्लार्क, पण खुर्चीत बसवेना. शेकून झालं, तेलं चोळून झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून उशाखाली लोखंडी विळासुद्धा ठेवून झाला. शेवटी राजेश्रीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला जवळजवळ ओढतच प्राची मॅडमकडं नेलं. मॅडम फिजिओथेरपिस्ट. त्यांनी नीट तपासलं, पालथं पडून हातांच्या जोरावर छाती उचलायचा व्यायाम शिकवला आणि बजावलं, "रोज करायचा. बरं वाटलं तरी सोडायचा नाही. आणि जमिनीवर मांडी घालून बसणं सध्या बंद!"

काही आठवड्यांत कळ गेली. कळ गेली तसा व्यायामही गेला आणि मॅडमचं नावही गेलं. राहिला तो फक्त विजयी वीर आदिनाथ! कॉलेजात कुणी वाकून फाइल उचलताना दिसला, की हा "थांबा, थांबा!" करत धावायचा. एकदा तर स्टेशनासमोर एका ऑटोवाल्याला त्यानं मागच्या सीटवर पालथं घालून व्यायाम दाखवला. गिऱ्हाईक बिचारं सामान घेऊन दुसऱ्या ऑटोत बसलं.

अशातच पोखर्णीहून सासऱ्यांचा, भगवानरावांचा फोन आला. त्यांनाही तेच दुखणं! चांगला धिप्पाड शेतकरी माणूस, पण कित्येक दिवसांत फाटकाबाहेर पडला नव्हता.

"जावईबापू, मिरग तोंडावर आलाय. पेरणीला म्या बांधावर न्हाई म्हंजे कसं व्हायचं? आजवर एक पेरणी चुकली न्हाई माझी. पोरगा महारुद्र म्हणायलाय, डॉक्टरकडं नेतो."

"डॉक्टर कशाला, मामा? मी आहे ना!" आदिनाथची छाती फुगली. "मी सांगतो तो व्यायाम करा. आणि आता अधिक महिन्यात धोंडे जेवायला येतोच आहे. तुम्हाला पायांवर उभं करूनच परत फिरतो. शब्द माझा!"

त्या शब्दावर म्हाताऱ्यानं डॉक्टरकडं जायचं रद्द केलं. राजेश्रीनं कपाळाला हात लावला.

"अहो, मॅडमनी तुमाला पेशंट केलं होतं, डॉक्टर न्हाई! माझ्या आबांच्या पायाचं काही कमीजास्त झालं तर?"

"तू बघच!" आदिनाथ म्हणाला.

अधिक महिन्यात जावयाचा थाट काय सांगावा! एरवी जावई म्हणजे नुसता जावई, पण या महिन्यात तो साक्षात नारायण. सासूसासरे त्याचे पाय धुतात, दिवा लावून अनारशांचं वाण देतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात. आणि नारायण जेवून पाटावरून उठल्याशिवाय घरातलं दुसरं कुणी ताटावर बसत नाही.

ठरल्या दिवशी दोघं पोखर्णीला पोचले. ऊन असं, की कूलरसुद्धा घाम पुसत होता. गावच्या नरसिंहाचं दर्शन घेऊन घरी आले, तर सासूबाई पार्वतीबाईंनी ओसरीवर टेबलखुर्ची मांडून ठेवलेली.

"राजूनं सांगितलं, तुमाला खाली बसायची मनाई हाय म्हणून," त्या लेकीकडं बघत म्हणाल्या.

"मनाई? मला?" आदिनाथ हसला. बाजेवर भगवानराव एक पाय लांब करून बसले होते आणि मोठ्या आशेनं त्याच्याकडं बघत होते. झालं! त्या नजरेनं आदिनाथचं डोकं फिरलं. "मामा, इकडं बघा. दोन महिन्यांपूर्वी मी तुमच्यासारखाच होतो. आता बघा!"

असं म्हणून त्यानं झोकात पाटावर मांडी ठोकली.

"वा!" भगवानराव म्हणाले. "असं मला बसता यावं, बस्स!"

"अहो, खुर्चीवर बसा," राजेश्री दात आवळून म्हणाली. पण नारायण ऐकतात होय!

मग सुरू झाला सोहळा. त्याची सूत्रं कस्तुराबाईंच्या हातात. या भगवानरावांच्या थोरल्या बहीण, घरातली रीतभात सगळी यांच्या मुठीत. एक तांब्या कमी ओतला तरी चालायचा नाही. पाय धुणं झालं, गंध झालं, औक्षण झालं, वाण झालं, शर्टपँटचं कापड झालं आणि मग ताट आलं. आदिनाथनं पहिला धोंडा मोडला तेव्हा पाय मुंगीएवढा बोलला. तिसऱ्या धोंड्याला पोटरी तापली. शेवटचा आग्रहाचा धोंडा घशाखाली उतरला आणि कमरेतून अशी काही कळ सणाणत गेली, की आदिनाथच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले!

मेहुणा महारुद्र हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभा. "उठा, दाजी."

दाजी उठेनात. हात धुवायला ताटापाशीच परात आणली. हात धुऊन झाले. विडा दिला. विडा खाऊन झाला. दाजी आपले पाटावरच. चेहरा लालभडक, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

आता "पाय धरलाय" एवढे दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण समोर भगवानराव! ज्याच्या भरवशावर म्हाताऱ्यानं डॉक्टर सोडला, तोच असा अडकलेला दिसला तर त्याच्या जिवाला काय वाटेल? आणि आदिनाथच्या अब्रूला काय वाटेल ते वेगळंच!

सगळे चुळबुळायला लागले. आतून पुरणाचा वास येत होता आणि बायकांच्या पोटात कावळे ओरडत होते. कस्तुराबाईंनी चष्मा सारखा करून जावयाचं तोंड नीट न्याहाळलं आणि निकाल दिला.

"जावई रुसलाय!"

"आं?" महारुद्रच्या हातातला तांब्या कलंडला.

"मला इचारा की! आमच्या घरधन्यानं असंच केलतं पहिल्या धोंड्याला. पाटावरून उठंनात, बोलंनात. शेवटी आमच्या बापानं सायकल दिली तवा उठले."

"रुसलो नाही हो, आत्याबाई," आदिनाथ कसाबसा म्हणाला.

"असंच म्हणतेत!" कस्तुराबाई ठामपणे म्हणाल्या. "ते बी असंच म्हणाले होते."

पार्वतीबाई घाबरून आत गेल्या आणि अंगठी घेऊन आल्या. "गरिबाची गोड मानून घ्या."

"नको, नको! मामी, काहीच नको!" एवढं बोलताना पायात सणक आली आणि आदिनाथनं तोंड वाकडं केलं.

"अंगठी पसंद न्हाई," कस्तुराबाईंनी अर्थ सांगितला.

महारुद्रनं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढून पाटापुढं ठेवली. जिवापाड जपलेली गाडी होती, ठेवण्याआधी त्यानं किल्ली एकदा शर्टाला पुसली. आदिनाथनं जोरजोरात मान हलवली. मान हलली तशी कंबर हलली आणि तो "स्स्स!" करून कळवळला.

"गाडीनंबी राग जाईना! महारुद्र, लाल कंधारी गाय सोडून आण!"

गाय आली. ओसरीच्या पायरीशी उभी राहून तीही नारायणाकडं टकामका बघायला लागली. गायीमागून शेजारीपाजारी आले. पोखर्णीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! "शिकलेला जावई, पण बगा की, गायीवरबी भागंना!" कुणीतरी म्हणालं आणि ते राजेश्रीच्या कानावर पडलं. इतकी वर्षं ती गावभर अभिमानानं सांगत आली होती, की आमच्या यांनी माहेरचा साधा रुमाल मागितला नाही. ती ताडकन पुढं आली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"अहो, लाज हाय का न्हाई? काय पाहिजे काय तुमाला?"

"काही नको गं," आदिनाथ रडकुंडीला आला होता. "पाय धरलाय. उठताच येईना."

राजेश्रीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. तिला हसूही येईना आणि मारताही येईना. "मग सांगा तसं आबांना."

"कसं सांगू? शब्द दिलाय मी!"

"तर मग बसा!" म्हणाली आणि गेली की आत!

तेवढ्यात बाज करकरली. भगवानराव उठत होते. एका हातानं खांब धरला, दुसरा हात मांडीवर दाबला आणि एकेक पाऊल ओढत ते जावयापुढं येऊन उभे राहिले. वेदनेनं कपाळावर घाम डवरलेला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"जावईबापू, काय चुकलं आमचं? हिरीजवळचा रानाचा तुकडा पाहिजे का? तोबी देतो. पण असे रुसू नका. तुमी म्हणले होते, मला उभं करतो म्हणून. लय आस लावून बसलो होतो मी."

आदिनाथची कळ एकीकडं राहिली आणि काळजात दुसरंच काहीतरी टोचलं. गेली अब्रू तर जाऊ दे! त्यानं खरं सांगायचं ठरवलं.

"मामा, मी रुसलो नाही. मला..." म्हणत त्यानं उठायला हात टेकला, पाट सरकला, तोल गेला आणि नारायण धाडकन फरशीवर पालथे पडले!

पालथं पडल्याबरोबर त्याला प्राची मॅडम आठवल्या. कंबर सैल सोडून त्यानं हातांवर हळूच छाती उचलली. खाली आला. परत उचलली.

कस्तुराबाईंनी किंकाळी फोडली.

"अरे देवा! जावई साष्टांग घालायलाय! अधिकातला नारायण तुज्या पाया पडायलाय, भगवान! सात जलमाचं पाप लागंल! आधी उलटा नमस्कार घाल!"

"अगं अक्का, मला वाकता कुठं येतंय?"

"महारुद्र, धर बापाला!"

महारुद्रनं बापाला अलगद उचलून जावयापुढं पालथं ठेवलं. डोक्याला डोकं. आदिनाथनं छाती वर केली की भगवानराव वर, आदिनाथ खाली की भगवानराव खाली. देवापेक्षा एक नमस्कार कमी पडून कसं चालेल!

"मामा," आदिनाथ कुजबुजला, "कंबर उचलू नका. फरशीलाच राहू द्या."

"व्हय, देवा!"

"श्वास सोडा. सावकाश."

"व्हय, देवा!"

नवरा पालथा पडलेला बघून पार्वतीबाईंनी पदर खोचला आणि त्याही आडव्या झाल्या. महारुद्र पडला. पायरीवरचे शेजारी पडले. बघता बघता अख्खी ओसरी वरखाली व्हायला लागली. उभ्या होत्या फक्त कस्तुराबाई, गाय, आणि दारात पोट धरून हसणारी राजेश्री!

आणि खरंच सांगतो, काम झालं! आदिनाथच्या करंगळीतली आग पोटरीत आली, पोटरीतून मांडीत आली आणि शेवटी कमरेत जाऊन गप्प बसली. मॅडम म्हणाल्या होत्या तस्संच. तो कुशीवर वळला, गुडघ्यावर आला आणि उभा राहिला. उभा! पाठोपाठ महारुद्रचा हात धरून भगवानराव उठले. त्यांनी पाऊल टाकलं. थबकले. दुसरं टाकलं.

"आरं," ते हळूच म्हणाले, "पायातली आग कुठं गेली?"

ओसरी उतरले. अंगण ओलांडलं. फाटकापर्यंत गेले, फाटक उघडून रस्त्यावर गेले आणि तिथून वळून मोठ्यानं हसले! महारुद्रनं शिट्टी मारली. पार्वतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. आदिनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"बघितलंत, मामा? हाच तो व्यायाम! फोनवर सांगितला होता तोच!"

"कुठला व्यायाम? तो तर मी रोज बाजेवर पडून करायलो की. काय बी फरक न्हाई."

"बाजेवर? अहो, बाज मधे खोल जाते! कडक जागा लागते! म्हणून तर..."

पण ऐकतंय कोण! "नारायण पालथा पडला, मग गुण येणारच," कस्तुराबाईंनी सांगून टाकलं आणि गावानं ते मान्य केलं. किल्ली महारुद्रच्या खिशात गेली, अंगठी डबीत गेली, गाय दावणीला गेली. बायकांनी ताटं वाढून घेतली. राजेश्रीनं मात्र जेवायच्या आधी प्राची मॅडमना फोन लावून नवऱ्याचा आणि बापाचा, दोघांचाही नंबर लावून टाकला.

दोघं रात्रीच परभणीला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथ चहा पीत असताना फोन वाजला.

"जावईबापू, बांधावर उभा हाय!" म्हातारा ओरडून सांगत होता. "माझ्या पायानं आलो. आता मिरग कवाबी येऊ द्या!"

आदिनाथनं कप खाली ठेवला. "मामा, पण मॅडमकडं यायचं हं," तो म्हणाला.

"मॅडमकडंबी येतो, राजूच्या समाधानासाठी. पण गुण तुमचाच. रोज सकाळी परभणीकडं तोंड करून फरशीवर नमस्कार घालायचं ठरवलंय मी. आजचे घालूनच निघालो."

"अहो मामा, त्याला व्यायाम म्हणतात!"

"म्हणू द्या. पण अक्का इचारायलीय, तुमी तिकडून उलटे घालायलेत का? थोरल्यानं घातलेला नमस्कार धाकट्यानं ठिवून घिऊ नये. आयुष्य कमी होतं."

आदिनाथनं वळून बघितलं. राजेश्रीनं टीपॉय सरकवून फरशी पुसूनसुद्धा ठेवली होती.

"घालायलो, मामा, घालायलो!" म्हणत सायटिकाचा विजेता मुकाट्यानं पालथा पडला.

त्या दिवसापासून त्याचा व्यायाम एकदाही चुकलेला नाही. कॉलेजात कुणी विचारलं, तर आता तो भाषण देत नाही, सरळ प्राची मॅडमचा नंबर देतो. आपण मात्र व्यायाम मॅडमच्या नव्हे, सासऱ्याच्या नमस्कारांच्या धाकानं करतो, हे काही सांगत नाही!