साठ मिनिटांचं विमान

जमिनीवर माणसाचं काही चुकलं तर त्याला रस्त्याच्या कडेला थांबता येतं. आकाशात कडेची सोय अद्याप झालेली नाही. म्हणून विमान निघण्याआधी कुणाला तरी हिशेब करावा लागतो.

आमच्या विमान कंपनीत तो आकडेताई करत. बावीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसून हवामानाचे कागद वाचत होत्या. त्यांचा हिशेब सरळ असे. अंतर सातशेवीस किलोमीटर, विमानाचा वेग ताशी सातशेवीस, म्हणजे साठ मिनिटं. समोरून ताशी एकशेवीसचा वारा असेल तर बहात्तर. उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत तीस, राखीव तीस, आणि वीस मिनिटं ‘काय होईल सांगता येत नाही’ या सदरात. तेवढं इंधन टाकीत असल्याशिवाय ताई सही करत नसत.

नवे साहेब गाद्यांच्या कारखान्यातून आले होते. (दोन्ही धंद्यांत गिऱ्हाईक शांत झोपलेलं असणं महत्त्वाचं.) त्यांनी ताईंचे कागद पाहिले आणि त्यांना वाईट वाटलं.

“ताई, किती नकारात्मक विचार हा! वारा समोरूनच येणार हे कशावरून?”

“हवामान खात्यावरून, साहेब.”

“वारा आपल्या नोकरीत आहे का? नाही ना? मग त्याला एवढा मान कशाला?”

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. समोरचा वारा हिशेबात धरू नये, त्याने मनोबल खचते. पाठीमागचा वारा मोकळ्या मनाने धरावा. दुसरा विमानतळ धरणे हा पहिल्या विमानतळाचा अपमान समजण्यात येईल. ‘सांगता येत नाही’ या सदरास पाच मिनिटे पुरेत, कारण जे सांगता येत नाही त्यावर कार्यालयाने जास्त बोलू नये. अशा रीतीने एकशेबावन्न मिनिटांचं इंधन पंचाण्णव मिनिटांवर आलं. कागदावर विमान पिसासारखं हलकं झालं. प्रगती म्हणतात ती हीच.

नव्या सूत्राचं पहिलं उड्डाण बुधवारी होतं आणि साहेब स्वतः सासूबाईंना घेऊन त्याच विमानाने निघाले होते. ताईंनी सही नाकारली. कप्तान म्हणाले, “ताईंची सही नाही, तर माझीही नाही. इंजिन परिपत्रक वाचत नाही.”

साहेब तावातावाने नियोजन कक्षात आले. मागोमाग सासूबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जावईबापू, वर गेल्यावर कमी पडलं तर?”

“तसं होत नाही, आई. सरासरी काढलीय.”

“मग तुम्ही सरासरीने जा. मी या बाईंच्या हिशेबाने जाते.”

साहेबांनी परिपत्रकाची घडी करून ती खिशात घातली. (सासूबाईंपुढे परिपत्रक लागू होत नाही, असं पोटकलम नाही, पण प्रथा आहे.) टाकी ताईंच्या आकड्याप्रमाणे भरली गेली.

वारा समोरूनच आला. बहात्तर मिनिटांनी पोचल्यावर कळलं, खाली एका विमानाचं चाक फुटून धावपट्टी अडली आहे. एकोणीस मिनिटं घिरट्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग सासूबाईंचा हात धरला. तिथून दुसरा विमानतळ, आणखी तीस मिनिटं. एकशेएकविसाव्या मिनिटाला चाकं जमिनीला लागली. परिपत्रक पंचाण्णवाव्या मिनिटाला संपलं होतं; पुढच्या सव्वीस मिनिटांविषयी त्यात मार्गदर्शन नव्हतं.

चौकशी झालीच. पाच सदस्यांच्या समितीला टाकीत एकतीस मिनिटांचं न वापरलेलं इंधन सापडलं, म्हणजे ताईंचा हिशेब चुकला होता. त्यांची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली आणि परिपत्रक कायम झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली पेन्सिल कप्तानांच्या खिशात ठेवली. “कागद सांभाळा,” एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

साहेबांना दोष देण्यात अर्थ नाही. साहेब सोडून त्या विमानातल्या एकशे अठरा प्रवाशांपैकी एकशे अकरा जणांनी लेखी तक्रार केली होती: उशीर झाला. सहा जण झोपले होते. सासूबाईंनी तेवढं आभाराचं पत्र लिहिलं.

आता तिकिटाच्या पडद्यावर भाडं तेच, वेळ तीच, अशी दोन विमानं दिसतात. दुसऱ्या कंपनीचं बहात्तर मिनिटांचं, त्यात भरपूर जागा आहेत. आमचं साठ मिनिटांचं, ते कधीच भरलं. तुम्हाला मिळालं, अभिनंदन. खिडकीजवळचीच जागा ना?