सिग्नल कुठी हाय?

हटवारकाकांपुढे गरम भात वाढला, तरी समोरून कोणी हात केल्याशिवाय ते पहिला घास उचलत नसत. काकू पंजा पुढे ढकलत, 'चला' म्हणून, आणि मगच काकांचा हात ताटात जाई. मी प्रथम पाहिलं तेव्हा मला वाटलं, काही नवसबिवस असेल.

नवस नव्हता, नोकरी होती. काकांची उभी हयात भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवण्यात गेली. वर केबिनमध्ये बसायचं आणि खालचा माणूस हातानं खुणा करील तसं करायचं. बोट फिरलं की उचल, पंजा पुढे आला की चल, मूठ मिटली की थांब. खूण नाही तर हालचाल नाही. निवृत्त होताना हा नियम त्यांनी कारखान्यात जमा करायला हवा होता. पण तो ते घरी घेऊन आले.

आणि घरी आल्यावर माणूस जो अस्वस्थ झाला, ते विचारू नका. सेक्टर दहातल्या क्वार्टरच्या वीतभर अंगणात दिवसभर येरझारा. नळाचा वॉशर बदलायचा, आणि उद्योग उरला नाही की चांगला नळ खोलून पुन्हा बदलायचा. मी शेजारीच राहायचो. काकू भिंतीपलीकडून म्हणायच्या, "बाबू, यायले कुठी तरी नेऊन सोड रे. दिवसभर पायापायात येऊन राहिले!"

मी तेव्हा एका पार्सल कंपनीत बुकिंगचा कारकून होतो. कुम्हारी-अहिवाऱ्याकडे पार्सलं पोचवणाऱ्या गाडीला ड्रायव्हर हवा आहे, असं एकदा बोलून गेलो. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. काकांकडे लायसन होतं, गाडी कधीच नव्हती. त्या संध्याकाळपासून काकूंच्या लाटण्याचा गियर झाला. काका पाटावर बसून ते पहिल्यात, दुसऱ्यात टाकत बसायचे आणि पोळ्या खोळंबायच्या.

मालकानं अट घातली. आधी उस्तादाच्या हाताखाली शिका, मग ट्रायल. गाडीवर माणूस एकच, हेल्पर मिळायचा नाही. शिकवायला होता दुकालू उस्ताद, इथलाच छत्तीसगढी, मोठा सोशिक माणूस. त्याचा सोशिकपणा दोन दिवस टिकला. गाडी पुढे न्यायची तरी त्यानं काकांच्या नाकासमोर पंजा धरायचा. मागे घ्यायची वेळ आली की काका इंजिन बंद करून हात मांडीवर ठेवायचे.

"कका, पाछू ले ना!"

"सिग्नल कुठी हाय?"

"आईना में देख, कका!"

"आईन्यात माणूसच नाही. काय पाहू?"

पार्सल उतरवण्यात मात्र काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. साडीचं पाकीटसुद्धा ते लोकांच्या ओट्यावर इतकं जपून खाली आणायचे, की घरातली माणसं घाबरून दोन पावलं मागे सरकायची. पण उस्ताद माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाबू, ए कका मोर परान ले लिही." मालकानंही मला दम दिला, कारण हे रत्न मीच आणलं होतं.

शेवटी काकूंनीच पदर खोचला. उस्ताद शिकवायचा त्या मैदानावर आल्या आणि थेट गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "मी अठीच राहीन. मले पाह्याचं असन तं आरशात पाहा!"

काका चरफडले. खिडकीतून मान काढून पाहिली, तर काकू बाजूला सरकल्या. नाइलाजानं त्यांनी आरशात पाहिलं. काकूंचा पंजा हलला आणि गाडी मागे सरकली. मग रोज तेच. "अवो, नालीत जाऊन राहिले!" या आरोळीसकट.

ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या येरझारा पाहून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, पोरी सासरी सुखात आहेत, तुमचं व्यवस्थित चाललंय. या वयात कशाला हा उपद्व्याप?"

ते थांबले. "बाबू, शिफ्टले निघालो का तुही काकू रोज फाटकात उभी राहे. हात करे, तवाच माही सायकल हाले. आता मी घरातच बसून राहिलो. मले 'जा' कोण म्हणन? अन् गेलोच नाही, तं माही वाट तरी कावून पाहीन थे?"

एवढं बोलून ते पुन्हा चालायला लागले. मला फार वाईट वाटलं.

ट्रायल कुम्हारीच्या गोदामात होती. ड्रमच्या दोन रांगांमधून गाडी मागे घ्यायची, आणि काकू घरी. इंजिन गुरगुरत राहिलं, काका हलेनात. दुकालूनं कपाळाला हात लावला. मालक तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी आरशाकडे नजर लावली, मान डोलावली आणि एकाही ड्रमला न शिवता गाडी आत घेतली.

"आरशात कोण दिसलं?" मी नंतर विचारलं.

"कोणीच नाही. पण थे उभी कुठी राहे, ते माहीत हाय ना."

पहिल्या दिवशी काका भरलेली गाडी घेऊन आपल्या क्वार्टरच्या फाटकाशी आले आणि तिथेच बसून राहिले. अहिवाऱ्याची दुकानं उघडायची वेळ झाली. मी ओरडलो, "अहो, निघा ना!" त्यांनी घराच्या दाराकडे बोट दाखवलं. "बाप्पा, अजून गेले नाही?" म्हणत काकू कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि पंजा पुढे केला. गाडी गेली. वळणावर दिसेनाशी झाली, तरी काकूंचा हात वरच होता.

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपार कलली तशी शेजारच्या अंगणात येरझारांची चाहूल लागली. पाहतो तो काकू. मला पाहून भिंतीशी आल्या.

"बाबू," त्या म्हणाल्या, "यायले कावून उशीर होऊन राहिला रे?"