अफाट कुरण

मोबाईलवर लिहिण्यात अख्ख्या क्योटोत माझा हात धरणारा कुणी नाही. म्हातारी माणसं जे चार ओळींत सांगतात, ते मी एका शब्दात उडवतो!

मी कुरामोची उस्तादांकडे बागकाम शिकतो. भिक्षुणींच्या एका मठाची बाग आम्ही सांभाळतो. उमेदवारी संपत आली होती. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ते दुसऱ्या दिवशी ठरवणार होते. त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : 'मठाच्या तळ्यात पडलो. मासे जवळ येऊन बघून गेले.'

मी लगेच लिहिलं : 'गवत'.

आमच्या वयाची पोरं हसू आलं की 'गवत' लिहितात. हसणं म्हणजे जपानीत 'वाराउ', म्हणून पूर्वी हसण्यासाठी त्याचं पहिलं इंग्रजी अक्षर डब्ल्यू लिहायचे. ओळीनं डब्ल्यू काढले की गवताच्या पात्यांसारखे दिसतात, म्हणून गवत. हे सगळ्या जपानला ठाऊक आहे. उस्ताद सोडून!

'कुठे?' त्यांनी विचारलं.

मला वाटलं, नेमकं कुठे हसू आलं ते विचारताहेत. काय रसिक माणूस! मी लिहिलं : 'तळ्यापाशी! अफाट कुरण!!' म्हणजे हसून हसून मेलो.

सकाळी मठात पोचतो तर काय! उस्ताद आणि सगळे कामगार हरवलेली कवळी शोधावी तसे शेवाळावर रांगताहेत. ती बाग म्हणजे नुसतं मखमली शेवाळ. तिथे गवताचं एक पातं उगवलं तरी आमच्या नावाला काळिमा!

"पोरा, कुरण कुठाय?"

"उस्ताद... काल होतं."

"एवढं अफाट कुरण गेलं कुठे? हरणं खाऊन गेली?"

"नाराहून आली असतील. तिथे रस्तोरस्ती हरणं फिरतात."

गलका ऐकून मठातल्या थोरल्या भिक्षुणीबाई बाहेर आल्या. त्यांनी चष्मा चढवला, उस्तादांच्या मोबाईलवरचा मेसेज वाचला आणि फिस्सकन हसल्या. "अहो कुरामोची, पोरगं हसतंय तुम्हाला! आमच्या शिष्यिणी दिवसभर हेच लिहितात."

गेली नोकरी! उस्ताद उठले, गुडघे झटकले.

"हसलास?"

"ह... हो."

"माशांवर?"

"जास्त करून माशांवरच."

उस्ताद बाकीच्यांकडे वळले. "बघा रे! मेसेज तुम्हीही वाचलात. आणि लिहिलंत काय, तर 'काळजी घ्या'! एवढा बेतून विनोद केला, एकालाही हसू येऊ नये? पोरा, तू कायम!"

कायम झालो खरा. पण आता उजाडलं की उस्तादांचा नवा विनोद येतो, आणि त्याला दाद देणं माझ्या कामात धरलं जातं. आजचा मुळ्यावर आहे. मघापासून मोबाईल हातात धरून बसलोय, पण गवत काही केल्या उगवतच नाही हो!