दोन टिंबांची साफसफाई

पानं ६१. टोपी घातलेले बी १,२०४. टोपी घातलेले एस ९८८. तारे १,२०६. शिवाय ८७ ओळींच्या सुरुवातीला दोन-दोन टिंबं.

साकीनाक्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवरच्या नोंदींमधला हा कचरा क्षमा दांडेकरने दोन दिवस बसून मोजला. मोजता मोजता तिचं डोकं इतकं तापलं, की त्यावर पापड भाजून निघाला असता! १९८७ साल होतं. कॉम्प्युटर येऊन आठ महिने झाले होते आणि अजून त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती.

शब्द ठळक छापायचा तर दोन्ही बाजूंना टोपीवाला बी, म्हणजे ^B, खाली रेघ हवी तर टोपीवाला एस, ^S. कागदावर हे उमटत नसे, पण पडद्यावर प्रत्येक शब्द दोन करवल्यांमध्ये दडपलेल्या नवरीसारखा दिसायचा. तारे मात्र कागदावरही यायचे. ते अनंत परबने निव्वळ हौसेने लावले होते. रंगांच्या कृतींच्या या सगळ्या नोंदी त्यानेच टाइप केल्या होत्या.

"अनंत, ही वाक्यं आहेत की माशा बसलेला गूळ?"

"छापताना जातं बहुतेक सगळं."

"मग पडद्यावर वाचणाऱ्याने काय पाप केलंय?"

"आठ महिने मी वाचतोय. मेलो नाही अजून! आणि हे बघ, माझ्या फाइलला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

'हात लावायचा नाही' म्हणे! क्षमा रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाली होती. टिंबाटिंबांना घाबरणारी नव्हती.

त्यात मालकांनी, शरच्चंद्र लिमयेंनी, तिला बोलावून सांगितलं होतं, "सोमवारी चेंबूरच्या पंख्यांच्या कंपनीतल्या मॅडम येताहेत. त्यांना आपल्या रंगांच्या कृतींची छापील प्रत द्यायचीय. ती नीटनेटकी कर. तुझं कायम नोकरीचं पत्र टाइप करून ठेवलंय. प्रत झकास दिसली की सही!"

सोमवारी अनंत अर्ध्या दिवसाच्या रजेवर होता. क्षमाने कॉम्प्युटरला चार हुकूम सोडले. बी शोध, काढ. एस शोध, काढ. तारे शोध, काढ. दोन टिंबं शोध, काढ. दर वेळी विचारत बसू नकोस! पहिलं पान तपासलं. आरशासारखं लख्ख! उरलेली साठ तिने तपासली नाहीत. चिन्हं तिने ३,४८५ मोजली होती. शब्द वाचायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

प्रिंटर करवतीसारखा करकरत तासभर चालला. शेवटच्या पानाखाली तिने पेनाने झोकात लिहिलं: 'नोंदी स्वच्छ केल्या: क्षमा दांडेकर, बी.एस्सी.'

अकरा वाजता रत्नप्रभा कामत मॅडम आल्या. चष्मा लावला. सातव्या पानावर थांबल्या.

"लिमये, हे इंग्रजी अक्षरांत मराठी काय लिहिलंय? 'साहेब आले की मिक्सर जोरात फिरव. आवाज झाला म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं.'"

लिमयेसाहेबांनी कागद ओढला. पुढची ओळ त्यांनीच मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता लाल झाले.

"'ही कृती साहेबांनी विलायती पुस्तकातून उचललीय. अशी केली तर वाट लागेल!' कोणी लिहिलं हे?"

"आणि हे," मॅडमचा आवाज थंड झाला, "'चेंबूरच्या मॅडमना आधी चहा पाजा, रंगवलेला पत्रा नंतर दाखवा.'"

मॅडमनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

साहेबांनी फर्रकन शेवटचं पान उलटलं. "क्षमा दांडेकर, बी.एस्सी.! सहा महिने पोसतोय तुला, ते यासाठी?"

"सर, मी नाही लिहिलं! मी फक्त टिंबं काढली!"

"टिंबं काढली की शिव्या उगवतात?"

तेवढ्यात अनंत दारात उभा राहिला. टेबलावरचा ढीग बघून त्याने कपाळावर हात मारला. "काढलीस ना टिंबं? अगं बाई, ज्या ओळीआधी दोन टिंबं, ती ओळ छापलीच जात नाही! म्हणून तर ठेवली होती!"

"मग सांगायला तोंड नव्हतं?" क्षमा कडाडली.

"हात लावू नको म्हटलं होतं की नाही?"

"कारण सांगितलंस?"

"गप्प!" साहेब ओरडले. "अनंत, माझ्या कृतीत एक अक्षर बदलायचं नाही, हे मी बजावलं होतं!"

"बदललं नाही, साहेब. तुमची कृती छापायला, धाकूची कृती बनवायला."

धाकू म्हणजे रंग कालवणारा कारागीर. तो आतून हात पुसतच आला. "मिया सांगलंय, अनंतान लिवल्यान. खोटा काय आसा त्यात? सगळी पावडर एकदम तेलात टाकल्यार गुठळे जातले नाय तर काय? आदी थोड्या तेलात कालवूक होयी."

"पिठल्याचं पीठ कालवतात तसं?" मॅडमनी विचारलं.

"तसाच!"

"हा कारखाना आहे, खानावळ नाही!" साहेबांनी खणातून क्षमाचं पत्र काढून सगळ्यांसमोर धरलं. "दोन डबे करा. एक माझ्या कृतीचा, एक याच्या. धाकूच्या पत्र्यावर माझ्यापेक्षा एक गुठळी जरी जास्त निघाली, तरी हे पत्र इथेच फाडतो!"

"पण सर, ते माझं लिखाणच नाही!"

"खाली नाव कोणाचं आहे?"

क्षमा दात-ओठ खात प्रयोगशाळेत गेली. पावडर तिने तोलली, तेल तिने मोजलं, घड्याळ तिने लावलं. कालवायला मात्र साहेबांचा डबा साहेबांनी घेतला, धाकूचा धाकूने. वीस-वीस मिनिटं. मग एकेक चौरस फुटाचे दोन पत्रे रंगवले. ओले असतानाच क्षमाने भिंग लावून गुठळ्या मोजल्या. मॅडमनी पुन्हा मोजल्या. साहेबांनी तिसऱ्यांदा मोजल्या.

तिन्ही वेळा आकडे तेच आले. साहेबांचा पत्रा: गुठळ्या ४३. धाकूचा पत्रा: गुठळ्या ३.