नकाशाबरहुकूम गल्ली

"भूगोल म्हणजे पृथ्वीला समजून घेण्याची मानवाची अखंड धडपड!" भूगोलाच्या बाईंनी नववीच्या वर्गाला गंभीरपणे सांगितलं आणि प्रत्येकाला धडपडीसाठी एकेक गल्ली वाटून दिली. शिंप्याच्या मुलीच्या वाट्याला तिचीच गल्ली आली, न्हाव्याच्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत. त्यापलीकडची पृथ्वी समजून घ्यायला मुख्याध्यापकांची परवानगी नव्हती.

गल्लीचा नकाशा काढायचा आणि शनिवारी बाई स्वतः येऊन तो ताडून पाहणार. "जमिनीवर नाही ते नकाशात नको. एक खूण चुकली की दोन गुण गेले!" वीसपैकी पंधरा तरी मिळाले नाहीत तर पोरीला पुन्हा नववीतच बसायचं होतं. कारण सहामाहीत तिला भूगोलात अकरा गुण होते. शंभरपैकी.

वडिलांची मोजपट्टी घेऊन ती बाहेर पडली आणि किराणावाल्याच्या पत्र्याच्या शेडखाली माप घेऊ लागली.

"काय चाललंय गं?"

"भूगोल, काका. शनिवारी तपासायला येणार आहेत."

किराणावाला हसला. पोरगी पुढे जाताच मात्र तो न्हाव्याकडे धावला. "पालिकेचा डाव आहे हा! आधी पोरं पाठवतात, मागून अतिक्रमण पाडणारं पथक येतं. भूगोलाला कधी मोजपट्टी लागते का?" न्हाव्याला ते पटलं. खुर्चीतल्या अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकालाही पटलं.

शुक्रवारी दुपारी नकाशा रंगवून पोरगी गल्लीत आली, तर गल्ली रुंद झालेली! शेड उतरली होती, न्हाव्याचं बाकडं आत गेलं होतं, सायकलवाल्याने ओटा फोडला होता. नकाशातल्या चौदा खुणा जमिनीवरून गायब. चौदा दुणे अठ्ठावीस. विसातून अठ्ठावीस कसे वजा करायचे, हा प्रश्न मात्र गणिताच्या बाईंचा होता.

दुकानापाशी तर वडीलच पहार घेऊन स्वतःची पायरी उखडत होते.

"बाबा! तुम्हाला तर माहीत होतं ना, माझा अभ्यास आहे!"

"माहीत आहे गं," वडील घाम पुसत म्हणाले, "पण सगळ्यांनी काढलं आणि मी एकट्यानेच ठेवलं, तर लोक काय म्हणतील?"

पोरीने भोकाड पसरलं. गल्ली गोळा झाली. तिने रडत रडत दप्तरातून सहामाहीचा पेपर काढला. 'भौगोलिक कारणे लिहा: दिवस लहान-मोठा होतो.' खाली तिने लिहिलं होतं, 'सुट्टीचा लहान असतो, शाळेचा मोठा.' असा पेपर पालिकेला बनवता येणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"मग आधी नाही का सांगायचं?" किराणावाला ओरडला.

"सांगितलं होतं, काका!"

"असं रडून नव्हतं सांगितलंस."

शनिवारी सकाळी सगळे नकाशा बघून सामान परत मांडायला लागले. ओटा रचला गेला, पायरी बसली. किराणावाल्याची शेड मात्र पोरीने घाईत हातभर जास्त दाखवली होती.

"काका, ते माझं चुकलंय."

"चुकू दे. माझ्यापायी तुझे दोन गुण जायला नकोत," म्हणत त्याने शेड हातभर पुढे ठोकली.

हा त्याग पाहून न्हावी नकाशावर वाकला. "आणि माझ्या बाकड्याशेजारी हे काय?"

"शाईचा डाग."

"डाग कसा असेल? दुसरं बाकडं आहे," तो म्हणाला आणि ते आणायला घरी गेला.

दहाला बाई आल्या. त्यांना पर्स छातीशी धरून तिरकं चालावं लागलं. पेन्सिलीने एकेक खूण ताडत त्या डागापाशी थांबल्या. पोरीने डोळे मिटले.

"हे काय आहे?"

"बाकडं!" अख्खी गल्ली एकदम म्हणाली.

बाईंनी बाकड्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि वीसपैकी वीस दिले. खाली लिहिलं, 'प्रत्यक्ष जागेशी तंतोतंत जुळतो.' सही केली, पर्समधून शाळेचा शिक्का काढून उमटवला आणि तिरक्या तिरक्या निघून गेल्या. पोरगी पायरीवर मटकन बसली. वडील शेजारी बसले. दोघांनाही बराच वेळ नुसतं हसू येत राहिलं.

किराणावाला नकाशा उन्हात धरून उभा होता. शेरा त्याने दोनदा वाचला, शिक्क्यावरून हळूच बोट फिरवलं.

"दहावीत गेलीस बघ, पोरी," तो मायेने म्हणाला. "आता एवढं काम कर. याच्या पाच-सहा झेरॉक्स काढून आण. पालिकेचा माणूस आलाच कधी, तर प्रत्येकाच्या दाराशी एकेक लावलेली बरी."