येतो म्हणजे येतोच

"क ज स्वा, क त्यू स्वा, किल स्वा..." असं पुटपुटत चष्मेवाल्यांनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरच्या चौकटीत नवी काच सरकवली आणि सवयीने विचारलं, "आता कसं दिसतंय?"

समोरच्या तक्त्याकडे डोळे ताणून बघणारे निवृत्त पोस्टमास्तर गडबडले. "अहो, 'क'सुद्धा दिसत नाही आणि 'स्वा' तर नाहीच नाही. इतके बिघडलेत का हो माझे डोळे?"

"डोळे ठणठणीत आहेत. ते माझं फ्रेंच होतं."

"मग ते बिघडलंय," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

या वयात चष्मेवाल्यांना फ्रेंचचं वेड लागण्याचं कारण साधं होतं. त्यांची एकुलती एक लेक फ्रेंच घरात पडली होती. गेल्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन झालं. इकडे यांचा व्हिसा वेळेवर आला नाही, आणि लेकीची आई तर आधीच देवाघरी गेलेली. त्या दिवसांत तिच्या सासूने दवाखान्यातल्या खुर्चीवर रात्री काढल्या, तिला भरवलं, तिचे केस धुऊन दिले. हे सगळं चष्मेवाल्यांनी फोनवर ऐकलं होतं, आणि ऐकताना दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

आता त्याच विहीणबाई नवऱ्याला घेऊन इकडे फिरायला यायच्या होत्या. नुसतं 'मेर्सी', म्हणजे आभारी आहे, म्हणून त्यांची बोळवण करायची? मीठ मागितलं तरी मेर्सी आणि लेक वाचवली तरी मेर्सी? चष्मेवाल्यांना ते पटेना. त्यांना विहीणबाईंच्या भाषेत एक अख्खं वाक्य म्हणायचं होतं : माझ्या लेकीला तुमच्या घरी आई आहे, याचा मला आनंद आहे.

"तुमचा आनंदच आड येतोय," वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या फ्रेंचच्या बाई म्हणाल्या. "नुसतं 'आई आहे' असतं, तर 'आ' म्हणून भागलं असतं. पण आनंद, भीती, इच्छा असं मनातलं काही आधी आलं, की पुढचं क्रियापद कूस बदलतं. 'आ'चं 'ए' होतं."

"उगाच?"

"उगाच कसं? आपण नाही का म्हणत, तू यावंस, सुखी असावंस? 'येतोस' आणि 'यावंस' यात फरक आहे की नाही? तसंच समजा."

यावंस, असावंस. चष्मेवाल्यांच्या डोक्यात एकदम काच बरोबर बसली. मग काय, दुकानात, जिन्यात, दाढी करताना त्यांचं चालूच. 'असावं'चं 'स्वा'. 'यावं'चं 'व्हिएन'. 'जावं' आलं तेव्हा तर ते खूश झाले.

"इल फो क जाय," बाईंनी सांगितलं. "म्हणजे, मला निघायला हवं. निरोप घेताना उपयोगी पडेल."

"जाय म्हणजे जाणंच? हे तर आपल्याच घरचं निघालं!"

"बघा. हे तरी विसरू नका."

ते विसरले नाहीत. खरी पंचाईत तिथेच झाली.

पाहुणे आले. व्याही दारातून वाकून आत येणारे, बोलायला अगदी कंजूष. विहीणबाई लहानखुऱ्या, बोलक्या आणि डोळ्यांनी मिश्कील. दोन दिवस चष्मेवाल्यांनी त्यांना गाव दाखवलं. रोज सकाळी वाक्य घोकून निघावं आणि रोज संध्याकाळी ते तसंच्या तसं घरी परत आणावं. एकदा पहिला शब्द तोंडातून निघाला होता, तेवढ्यात व्याही शिंकले. पुन्हा एकदा अर्ध्यापर्यंत मजल गेली, पण 'आ' की 'ए' इथे घोडं अडलं आणि विहीणबाईंना वाटलं, यांना ठसका लागला. त्यांनी पाठ चोळली.

शेवटच्या संध्याकाळी ते हॉटेलवर गेले. दुसऱ्या दिवशी पाहुणे भाड्याची गाडी घेऊन तळ्याकाठच्या गावी जाणार होते. आज नाही तर कधीच नाही, हे चष्मेवाल्यांना कळत होतं. पण कॉफी संपली, बिस्किटं संपली, धीरही संपला. ते हिरमुसून उठले. निदान निरोप तरी व्याकरणशुद्ध घ्यावा, म्हणून त्यांनी दारात उभं राहून सुरुवात केली, "इल फो क..."

आणि 'जाय' ओठांवर येऊन थांबलं.

दारात उभं राहून 'जातो' म्हणायचं? बायको होती तोवर तिने हा शब्द कधी उंबरठ्यावर येऊ दिला नव्हता. रोज सकाळी दुकानाला निघताना यांनी 'जातो' म्हणायचं आणि तिने आतून ओरडायचं, "जातो काय म्हणता? येतो म्हणा!" इतक्या वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली.

"...क ज व्हिएन!" चष्मेवाले म्हणाले.

विहीणबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की यांना वाटलं, आपले उच्चार फारच सुधारले. त्यांनी यांचे दोन्ही हात धरले, नवऱ्याला हाक मारली आणि भरभर काहीतरी सांगितलं. चष्मेवाल्यांना त्यातलं फक्त 'उद्या' आणि 'सात वाजता' समजलं. हे लोक उद्या सातला निघणार तर! "वी, वी," ते म्हणाले. परक्या भाषेत 'हो' म्हणायला कधीच अडचण येत नाही.

सकाळी सातला चष्मेवाले घरातल्या सपाता घालून, कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरले, तर दारात गाडी उभी. व्याह्यांनी खाली उतरून त्यांच्या हातातली पिशवी अदबीने घेतली आणि डिकीत आपल्या बॅगेशेजारी ठेवली.

"नों, नों!" चष्मेवाले ओरडले. पिशवीत काय आहे ते सांगायला शब्द सापडेना. निदान पुन्हा निरोप घेऊन सुटका करून घ्यावी, म्हणून ते ठासून म्हणाले, "इल फो क ज व्हिएन!"

"वी!" व्याही म्हणाले. दोन दिवसांतला त्यांचा हा सर्वांत मोठा संवाद. त्यांनी गाडीचं दार उघडलं, चष्मेवाल्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टाही स्वतःच बांधला.

गाव मागे पडलं तेव्हा चष्मेवाल्यांनी हळूच बाईंना फोन लावला. "बाई, हे लोक मला घेऊन निघालेत हो!"

"तुम्ही म्हणालात काय?"

"मी नुसतं येतो म्हणालो. इल फो क ज व्हिएन."

पलीकडे बाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अहो चष्मेवाले, म्हणजे 'मला आलंच पाहिजे' असा हट्ट धरलात तुम्ही! तोही दोनदा! फ्रेंचमध्ये येतो म्हणजे येतोच!"

"मग आता? उतरू?"

"खबरदार! त्यांनी किती आनंदाने नेलंय. आता मुकाट्याने जा... म्हणजे, या. आणि क्रियापद मात्र शुद्ध होतं हं," बाईंमधली मास्तरीण शेवटी बोललीच.

चष्मेवाले शरमेने अर्धे झाले. आपण एका जोडप्याच्या सहलीत सपाता घालून, केर घेऊन घुसलो! दुकान बंद, पोस्टमास्तरांचा तयार चष्मा खिशात, आणि मागच्या सीटवर विहीणबाई गाणं गुणगुणत होत्या.

तळ्याकाठच्या हॉटेलात नोकराने कचऱ्याची पिशवी खोलीतल्या सामानाच्या स्टुलावर मांडून ठेवली आणि कुठलासा वास आला म्हणून खिडकीही उघडली. चष्मेवाले ती उचलून बाहेर टाकणार, एवढ्यात दार वाजलं. विहीणबाईंनी एक पुडकं त्यांच्या हातात ठेवलं आणि त्या हसत निघून गेल्या. पुडक्यात नवा सदरा, चपला आणि दाढीचं सामान. सदरा घातला तर गळ्यापासून मनगटापर्यंत चपखल बसला. चपलाही तशाच.

आता मात्र चष्मेवाल्यांना संशय आला. त्यांनी लेकीला फोन लावला. "तुझ्या सासूबाईंना माझ्या कॉलरचं माप कुठून कळलं गं?"

"मीच सांगितलं काल संध्याकाळी. त्यांनी विचारलं म्हणून," लेक म्हणाली आणि खुसुखुसू हसली.

"अगं, पण माझ्या बोलण्यात चूक झाली! मी निरोप घेत होतो!"

"ठाऊक आहे त्यांना, बाबा. मीसुद्धा लग्नानंतर पहिल्या दिवशी ऑफिसला निघताना दारात 'मी येते' असंच म्हणाले होते फ्रेंचमध्ये. बिचाऱ्यांना वाटलं, मी त्यांच्याबरोबर बाहेर येणार; पर्स घेऊन माझी वाट बघत बसल्या. मग मी आईचं सगळं सांगितलं. तेव्हापासून त्यांना 'येते'चा अर्थ पक्का माहीत आहे."

"मग मला उचलून का आणलं?"

"त्या म्हणाल्या, तुझे बाबा दोन दिवस काहीतरी सांगायचं राहिल्यासारखे बघताहेत. त्यांना अजून थोडा वेळ मिळावा."

मिळावा. चष्मेवाले फोन ठेवून तळ्याकडे बघत बसले. खूप वर्षांत त्यांना कुणी असं उचलून कुठे नेलं नव्हतं. पिशवीचं भान त्यांना राहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी त्यांच्या दारात थांबली. व्याह्यांनी डिकी उघडली आणि कचऱ्याची पिशवी जशी घेतली होती तशीच अदबीने परत दिली. हॉटेलात विसरून राहिली होती म्हणून त्यांनी आठवणीने आणली होती.

ती पिशवी हातात धरूनच चष्मेवाले विहीणबाईंकडे वळले. आता व्याही शिंकले असते तरी ते थांबणार नव्हते. "ज स्वी अरो," ते म्हणाले, "क मा फीय... ए... यून मेर शे व्हू." माझ्या लेकीला तुमच्या घरी आई आहे, याचा मला आनंद आहे. 'ए' अगदी जागच्या जागी पडला.

विहीणबाईंचे डोळे भरून आले. व्याह्यांनी मोठ्याने नाक शिंकरलं आणि गाडीची काच पुसायला घेतली, जी स्वच्छ होती. चष्मेवाल्यांच्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं. आता निरोपही बिनचूक घ्यावा, म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. "इल फो क जा..."

विहीणबाईंनी पटकन हात वर करून त्यांना अडवलं. मग एकेक अक्षर जपून उचलावं तशा, लेकीकडून शिकलेल्या मराठीत, त्या दटावून म्हणाल्या,

"येतो... म्हणा."

त्या दोन शब्दांत किती सकाळी होत्या, ते चष्मेवाल्यांनाच माहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

"येतो," ते म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी ते फ्रेंचमध्येही सांगितलं, "इल फो क ज व्हिएन."

आणि दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून ते पुन्हा व्हिसाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.